अंड्यांवरचं कुंकू

७ डिसेंबर

सकाळी आगरात गेलो तर माडाच्या बुडाशी माती उकरलेली. मुंगूस. कासवीचं एक अंडं फोडून चाटूनपुसून साफ. बाकीची वाचली ती वहिनींनी काठी आपटली म्हणून. आगरामागून वाहणाऱ्या व्हाळातली ती कासवी त्यांची लाडकी. दादा गेल्यापासून तिला रोज दगडी गडग्यापाशी भात ठेवतात.

वनरक्षकाला फोन केला. म्हणाला, जागेवर राखता येत नसतील तर उचला, पण वरची बाजू वरच राहू दे. उलटली की आतलं पिल्लू मरतं. पिल्लं झाली की कळवा, व्हाळात सोडू.

प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीची थर्माकोलची पेटी आणली, वाळू न् काथ्याचा भुसा भरला, पाच अंडी आत. पेटी कोठीत ठेवली. बांगड्याचा वास काही जात नाही. सौ. आणि वहिनी, दोघींना बजावलं, हात लावायचा नाही.

९ डिसेंबर

मंगेशचा फोन. वहिनींचा मुलगा, डोंबिवलीला असतो. सून परत कामावर जाणार, बाळाकडे बघायला कोणी नाही, आई कधी येत्येय? वहिनींनी फोन घेतला. "कासवाची पिल्लं बाहेर आली की येते." एवढंच बोलून नारळ खवायला बसल्या.

मला वाटलं थट्टा. सौ. म्हणाली, थट्टा कसली, माळ्यावरची बॅग काढून ठेवायला सांगितल्येय.

म्हणजे अंडी फुटली की वहिनी जाणार. हे कोणी ठरवलं? मला कोणी विचारलं? मी सातवीत होतो तेव्हा या घरात आल्या. माझे डबे भरले, माझं लग्न जमवलं. त्या गेल्या तर घर खायला उठेल.

१६ डि.

कोठीचं दार लावून अंधार केला. अंडी न उचलता, वाळू सारून कडेने मोबाईलचा टॉर्च लावला. दोन अंडी पिवळी, आरपार, आत काही नाही. ती गेली, काढून टाकली. बाकीच्या तिन्हींवर खडूसारखा पांढरा पट्टा धरलाय आणि आत बारीक लाल धागे. म्हणजे तीन चालू आहेत.

बाहेर येऊन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "हो?"

हो म्हणजे काय? बरं वाटलं की वाईट? चेहऱ्यावरून काही कळेना.

२१ डि.

पेटीत कोणीतरी हात घालतंय. मी वाळू रोज हाताने सपाट करतो, आज खळगे. एसटीत तिकीट तपासनीस होतो, उगाच नाही. कंडक्टरचं तोंड बघून सांगायचो बॅगेत काय घोळ आहे तो.

दोघींना विचारलं. सौ. म्हणाली, "उंदीर असेल." वहिनी म्हणाल्या, "पाल असेल." एका दमात बोलल्या, आणि जनावरं दोन. काहीतरी शिजतंय.

२३ डि.

झाकणावर शिवणाचा दोरा चिकटवून ठेवला. कोणाला बोललो नाही.

२४ डि.

दोरा तुटलेला. झाकण काढलं तर काय, प्रत्येक अंड्यावर कुंकवाचं बोट. फुलीवरच लावलेलं.

कुंकू म्हटल्यावर शोध संपला. दादा गेल्यापासून वहिनी करंड्याला शिवत नाहीत. सौ.ने किती वेळा आग्रह केला, हल्ली सगळ्या लावतात म्हणून, ऐकत नाहीत. तेव्हा राहिली कोण, सौ.च. तिला बोललो. नको तितकं बोललो, कोठी म्हणजे काय देव्हारा वाटला का तुला, वगैरे. ती गप्प. आमची सौ. आणि ऐकून घेते? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

आता मनात येतं, हिलाच वहिनी जायला हव्यात की काय. पिल्लं लवकर व्हावीत म्हणून कुंकू? भलतंसलतं सुचतं. पण सुचतं खरं.

३ जानेवारी

मधल्या अंड्यावर कुंकू वर आहे. ताजं. फुली दिसेना. वाळू उकरून बघितलं तर फुली खाली.

कोणीतरी अंडं उलटवलंय आणि वरून परत कुंकू लावलंय. डोकंच फिरलं. वनरक्षकाला विचारलं. कधी उलटलंय माहीत नसेल तर आता परत छेडू नका म्हणाला. सौ.शी अबोला धरलाय. तिला काही फरक पडलेला दिसत नाही.

५ जाने.

दुपारी जेवताना वहिनी भाकरी वाढत होत्या. करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाला लाल. मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. हात पदराखाली गेला. सौ. लगेच मध्ये पडली, "आमटी वाढू का हो?"

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. वहिनींचं नाव येऊ नये म्हणून माझी बोलणी निमूट खाल्लीन. मला जेवण गेलं नाही. स्वतःच्या कपाळाला लावत नाहीत आणि कासवाच्या अंड्याला लावतात. याचा अर्थ काय लावायचा माणसाने?

६ जाने.

पकडलं. कोठीत गेलो तर वहिनी पेटीपाशी उकिडव्या बसलेल्या, एक अंडं हातात.

"कोंबडी उलटवते ना हो भावोजी अंडी. नायतर पिल्लू कवचाला चिकटतं."

"ही कोंबडी आहे का? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"मला कुठे ऐकू आलं?"

ऐकू आलं नाही म्हणे. कोळीण नाक्यावर आली की घरात आधी यांना कळतं. आता मला सगळं उमगायला लागलंय. अंडी फुटली तर जायचं. मग फुटलीच नाहीत तर? मुलाला नाही म्हणता येत नाही, म्हणून अंडी उलटवायची. राग यायला हवा होता. आला नाही. उलट हलकं वाटलं. सौ.शी बोललो, आमटी चांगली झाल्येय म्हटलं. ती म्हणाली, कालचीच आहे.

१५ जाने.

टॉर्च. तीनातली दोन गेली. धागे नाहीत, नुसतं करडं पाणी. राहिलं ते मधलं, पहिलं उलटवलेलं. ते आतून सगळं काळं. पिल्लू वाढून काळं झालंय की सडून, कसं ओळखायचं? वास घेतला. बांगड्याचाच येतो.

वहिनींना सांगितलं, दोन गेली. तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. डोळे पुसले. कांदा वगैरे काही चिरत नव्हत्या. माझ्या हिशेबात हे रडणं बसत नाही. जायचं नसेल तर रडतील कशाला?

२४ जाने.

मंगेश आला. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जोडून. परतीची दोन तिकिटं काढूनच आलाय. आम्हाला न विचारता.

२५ जाने.

मंगेश म्हणाला, "काका, आज काय तो निकाल लाव. मेलं असेल तर आई थांबून करणार काय इथे? माझ्याबरोबर चलू दे."

अरेच्चा. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मेलं तर उद्याच जाणार. जिवंत असेल तर निदान फुटेपर्यंत राहणार. मी सगळं उलटं धरून बसलो होतो. वहिनी ते कोंबडीचं खरंच बोलत होत्या, अंडी जगावीत म्हणूनच उलटवत होत्या.

चौघं कोठीत. दार लावलं. टॉर्च लावला. काळं. बराच वेळ बघितलं, काळंच. तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "हललं. मी बघितलं."

चष्मा त्यांचा देवघरात, पोथीवर. आणि त्या अंड्याकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. नोकरीत विनातिकीटवाले पुष्कळ बघितले. सगळे खिडकीबाहेर बघायचे.

मी म्हटलं, "हो. हललं."

"मला नाही दिसलं," मंगेश.

"तुला सवय नाही."

सौ. खोकल्यासारखं करून बाहेर गेली.

२६ जाने.

मंगेश एकटाच गेला. एक तिकीट रद्द. स्टेशनवर मला म्हणाला, "महिनाभर बघेन. मग पिल्लू होवो न होवो, आईला नेणार. तिकडे माझेही हाल आहेत, काका." तेही खोटं नाही. पोराचे डोळे खोल गेलेत.

घरी आल्यावर सौ.ला म्हटलं, वहिनींना राहायचंय, माझ्या लक्षात आलंय. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं का तपासून? मुलगा ये म्हणाला त्यांना. तुम्ही राहा म्हणालात कधी?"

"घर त्यांचंच आहे. राहा काय म्हणायचं?"

"मग तसं सांगा जाऊन."

दिवसभर तेच डोक्यात. खरंच कधी म्हटलं नाही. दादा गेला तेव्हाही नाही. दोरे लावत बसलो.

२८ जाने.

आज सांगायचंच असं ठरवून कोठीत गेलो. वहिनी पेटीजवळ पाटावर बसलेल्या. अंड्याला हात लावत नाहीत आता. नुसत्या बसतात. बॅग दाराआड उभी आहे, भरलेली की रिकामी ते उचलून बघितलं नाही.

शेजारी बसलो. बांगड्याचा वास.

"वहिनी," म्हटलं.

"काय, भावोजी?"

सगळं ओठांवर आलेलं. राहा, एवढा एकच शब्द.

"हललं का काही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जरा सरकून मला पेटीपाशी जागा करून दिली. "तुम्हीच बघा," म्हणाल्या.