गंगीबाईंच्या बारा नोंदी

यवतमाळ, रविवार

ती. सेवादासमामांना निकिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? कापूस वेचणीला बाया मिळाल्या का? मी बरी आहे (म्हणजे दोन वेळा जेवते, नोकरीचं खाली लिहिलं आहे). फोन चार दिवसांपासून बंद ठेवलाय, म्हणून कागद घेतला.

त्या डोळ्यांच्या शिबिराची गोष्ट राळेगावपर्यंत आली असेलच. मोतीबिंदूची ऐंशी ऑपरेशनं फुकट, आणि नोंदणी आमच्या ऑफिसने बनवलेल्या वेबसाइटवर. गेल्या वर्षी गर्दीने ती बंद पडली होती, म्हणून यंदा काम माझ्याकडे दिलं. मी ती क्लाउडवर नेली (आभाळात काही नसतं मामा, दूर कुठेतरी भाड्याची मशीनं असतात, गर्दी वाढली की आपोआप जास्त लागतात) आणि मधे एक रांग ठेवली. अर्ज आला की त्याची चिठ्ठी रांगेत जाते, माणसाला लगेच ‘अर्ज मिळाला’ असा मेसेज जातो, आणि मागची मशीनं एकेक चिठ्ठी उचलून यादीत नाव लिहितात. नाव लिहून झालं की चिठ्ठी फाडायची असते. ती फाडायची ओळ लिहायलाच मी विसरले. त्याच चिठ्ठ्या फिरून रांगेत आल्या. गर्दी वाढली तशी चाराची बारा मशीनं झाली, आणि बाराही मशीनं तीच नावं इमानदारीने लिहीत राहिली. वेबसाइट मात्र एक मिनिटही बंद पडली नाही. साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं.

शिबिराच्या दिवशी मी तिथेच होते. पाचशे म्हातारी माणसं ‘अर्ज मिळाला’ दाखवत आली. यादी ऐंशी नोंदींवर आपोआप बंद झाली होती, पण त्यात माणसं सातच. दारव्ह्याकडच्या गंगीबाईंचं नाव बारा वेळा. नर्स पुकारायची, त्या उठायच्या. पाचव्या वेळी म्हणाल्या, “बाई, मले डोये दोनच हायेत. बाकीचे नंबर कोनाले द्याचे असन त द्या.” कोणी हसलं नाही. डॉक्टर नवीन यादी करायला बसले, पण कोणाचा अर्ज आधीचा यावरून इतकी ओढाताण झाली की सात ऑपरेशनं करून शिबिर पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, आता ऑफिसात येऊ नको. चूक माझीच होती, मी वाद घातला नाही.

सर्वांना सांभाळून असा.

तुमची,
निकिता

ता. क. शिबिर आता पंधरा तारखेला आहे. यादी वहीत, हाताने होणार. शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टला विचारून लिहायला मीच बसते आहे.

आणखी ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. त्या पाचशे जणांत जमनीमामी होती. शेजारच्या तानाबाईसोबत आली होती, मला न कळवता. तानाबाई चौकशीला गेली, तेव्हा मामी चाचपडत माझ्याजवळ आली आणि आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत नाही, मराठीत म्हणाली, “बाई, हे मशीन कोनं बनोलं? मले त्याले भेटाचं हाय.” तेव्हा कळलं, तिला मी दिसतच नव्हते. आवाज ओळखेल म्हणून मी बोलले नाही. हात धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. ती म्हणाली, “गुनाची हायेस वं पोरी. माही भाची बी इथंच असते, कम्पुटरमंदी. तिलेच सांगतो, ते करन सारं बराबर.”

मामा, मामीला पंधराला घेऊन या. आणि ती पोरगी मीच होते, मशीनही माझंच होतं, हे तिला तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही. पण आधी तिचे डोळे होऊ द्या.