झगडा झालाच नव्हता

५ फेब्रुवारी, बुधवार
आईशी बोलणार नाही. दोन दिवस तरी नाही.
प्रार्थना सभा आज डेविड टीचरच्या घरी, किला गेटला. सगळे सतरंजीवर, रेबेका पेटी घेऊन समोर. पादरी साहेब विनंत्यांच्या चिठ्ठ्या वाचत होते. कुणाचा गुडघा, कुणाची बदली. मग एकदम, "हमारे अभिषेक के लिए. परीक्षा हॉल में उसकी साँस अटक गई थी, तब से कॉलेज छूटा है. प्रभु उसका डर दूर करें." अक्षर आईचं. लांबूनच ओळखलं.
वीसेक माणसांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. रेबेकाने मिटले नाहीत. माझ्याकडे बघत होती.
उठलो, चपला घातल्या, दार आपटून निघालो. तेही दुसऱ्याचं दार.

६ फेब्रु.
दोन वर्षं सगळ्यांना एकच सांगितलंय. पेपरला सरांशी भांडलो, कॉलर पकडली, पेपर फाडला, कॉलेजला लाथ मारून आलो. सगळ्यांना पटलंही, डोकं गरमच आहे माझं. रे. ला तर सगळ्यात रंगवून सांगितलं होतं. हसून म्हणाली, "तू ना, पूरा डाकू है." त्या एका डाकूवर दोन वर्षं जगतोय.
खरं असं की दुसरा प्रश्न वाचताना छातीत धडधड सुरू झाली. (पुढे नुसतं ध. लिहीन. अख्खा शब्द लिहिला की होते.) हातांना मुंग्या, वाटलं इथेच मरतो. सरांनी बिचाऱ्यांनी पाणी आणून दिलं. हे फक्त आईला आणि काउन्सेलर मॅडमना माहीत. होतं.
दुपारी आई, "जेवून घे."
"टाक ना चिठ्ठी, अभिषेक जेवत नाही म्हणून."
रडली नाही. वाटी पुढे सरकवली. "फोनवर तुला श्वास येत नव्हता रे. मी इथे, तू भोपाळला. देवाला सांगायची सवय लागली ती लागलीच."
कढी होती. खाल्ली.

८ फेब्रु., शनि
मॅ. कडे, सिटी सेंटर. आज ध. जिन्यातच.
विचारलंच शेवटी. माझा विश्वास कमी पडतो म्हणून होतं का हे? टेबलावर त्यांचा दम्याचा पंप होता, तो उचलून दाखवला. "हा मी रोज घेते. प्रार्थनाही रोज करते. पंप घेतला म्हणून प्रभू रुसलेला नाही अजून." (बोलल्या हिंदीत. मी मराठीत लिहितोय, म्हणजे माझं वाटेल.)
मग म्हणाल्या, भीतीपेक्षा ती लपवण्यात तुझी जास्त ताकद जातेय. एका माणसाला स्वतः सांग.
"कुणाला ते तुम्हाला माहितीये."
"नाही बाबा. तू सांग."
नाव घ्यायला पाच मिनिटं लागली. मॅ. हसू दाबत होत्या.

९ फेब्रु., रवि
उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर रे. ला गाठलं.
"बुधवारी जे ऐकलंस ते खरंय."
"और झगड़ा?"
"नाही झाला."
"कॉलर?"
"नाही."
"पेपर भी नहीं फाड़ा?"
"घडी करून ठेवला होता."
वाटलं आता हसेल. लालबुंद झाली. "दो साल से पापा इसी झगड़े की वजह से तेरा नाम नहीं सुनते! कहते हैं गुंडे के घर बेटी नहीं दूँगा. मैं दो साल से उनसे लड़ रही हूँ, अभि. और तूने पेपर घड़ी करके रखा!"
तिने पप्पांना माझ्याबद्दल विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी. मला माहीतच नव्हतं.
गेली. तरी तिने विचारलं होतं.

१२ फेब्रु.
फोन नाही. नई सडकवर मामाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांवर खेकसलो.
संध्याकाळी डेविड टीचरकडे, दाराबद्दल माफी मागायला. "दरवाज़ा तुझसे मज़बूत है, बेटा. चाय पी."
घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुला विचारून लिहीन."
"लिहूच नको."
"मनात?"
"मनात लिही."

१५ फेब्रु.
रे. चा मेसेज. "कल चार बजे घर आ. पापा को खुद बताना, सब. मैं बीच में नहीं बोलूँगी."
अकरा वेळा वाचला. गुंडाला नाही म्हणाले. घाबरटाला काय म्हणतील?

१६ फेब्रु., रवि
साडेतीन. आकाशी शर्ट. सकाळपासून ध. तीनदा. मॅ. नी शिकवल्यासारखा श्वास हळूहळू सोडतोय, त्यावर प्रभूची प्रार्थना, मराठीतली. निम्म्यात शब्द विसरतो, पहिल्यापासून सुरू करतो.
आई डोक्यावर हात ठेवून पुटपुटत होती. आमेनची वाटही न बघता विचारलं, "आई, बोलता बोलता मधेच झाली तर?"
"तर काय," कॉलर नीट करत म्हणाली, "तिच्या पप्पांना कळेल, या वेळी खरं बोलतोय."
ऑटो आला.