पेटीतले सहा क्यूब

यवतमाळ, १२ जानेवारी २०२५

ती. बाबांस सुरभीचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून क्यूबच्या, साइटवर परत जाणाऱ्या रिकाम्या पेटीत हे पत्र घालते. आपल्या गावच्या शाळेच्या कॉलमचे क्यूब, ते काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, काल लॅबच्या मशिनवर दाबून फोडले, फारच कच्चे निघाले. पाणी कमी करणारं तेच केमिकल मी लॅबमध्ये मिसळून पाहिलं, तेव्हा काँक्रीट चांगलं पास झालं होतं. माझा संशय ठेकेदार राजदीपवर आहे. केमिकलच्या ड्रममध्ये पाणी घातलं असेल. तुम्ही मिस्त्री म्हणून तिथेच असता, गुपचूप त्यातली एक बाटली भरून पाठवा. दादाची दिपाली याच शाळेत बसणार आहे, मला धास्ती वाटते.

आईला नमस्कार. माझ्यावर माया असू द्या.

सुरभी

१७ जानेवारी

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

केमिकलची बाटली पेटीत ठेवली आहे. राजदीपने पाहिलंच. मिस्त्री दवाई कायले चोरून राह्यले म्हणून चारचौघांत हसला. असा हसणारा माणूस मला पटत नाही. पण जरा तुझ्या मशिनवरही शंका घे! काल स्लॅब टाकला. त्याचे सहा क्यूब मी स्वतः भरले आहेत.

जेवणाची हेळसांड करू नको, आम्हाला विसरू नको.

तुझा बाबा

यवतमाळ, २४ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

केमिकल अस्सल निघालं. राजदीपवर मी उगाच आळ घेतला. स्लॅबचे तीन क्यूब काल फोडले, ते माझ्या लॅबमधल्यापेक्षाही पक्के! साइटवर असं होत नाही, बाबा. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. पेटीतल्या क्यूबमध्ये स्लॅबचाच माल भरला होता ना? रागवा, पण खरं लिहा.

तुमचीच सुरभी

२७ जानेवारी

चि. सुरभीस आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईने वाचून दाखवलं. पोरगी बापावरच शक काहून घेते, म्हणाली. मग माझं तोंड पाहून तिनेच कागद-पेन आणून दिलं.

केमिकल टाकल्यावर मिक्सर दोन मिनिटं फिरू द्या, माल आपोआप सैल होतो, असं तू बजावलं होतंस. मला तो कोरडाच दिसला. दर खेपेला अर्धी बादली पाणी जास्त ओतलं. कॉलम नापास झाले, तरी स्लॅबला हात थांबला नाही. तुझ्यासमोर लाज जाऊ नये म्हणून क्यूब सिमेंट वाढवून वेगळे भरले.

राजदीपला सगळं सांगितलं. स्लॅबखालचे टेकू काढू दिले नाहीत. तू मशीन घेऊन ये, स्लॅबला आणि कॉलमला भोकं पाडून तपास. कच्चे निघाले तर पाडायला लाव. रिपोर्टमध्ये नुसतं मिस्त्री लिहू नको, माझं पूर्ण नाव लिही. खाली तुझी सही येईल, तिच्यात मधलं नाव माझंच आहे. तिथे तरी ते खऱ्या कागदावर राहू दे.

घरी यायचं मात्र टाळू नको.

तुझा बाबा, मारोतराव