महिन्याला चार पानं

४ जून

झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही!

ताईच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नखाएवढी मोठी, जाड, काळी अक्षरं असतील तर ती स्वतः वाचू शकेल. म्हणून पत्र घरी टाइप केलं, अक्षरं तेवढी मोठी केली आणि छापायला नेलं. त्या माणसाने ते पडद्यावर उघडलं. माझ्यामागे रांगेत पाच जण. पाचही जणांनी वाचलं! "सून ओरडली तर ओरडू दे, तू गच्चीवर फिरायला जातच जा."

"काकू, कशाला त्यांच्या घरात काडी टाकताय?" — झेरॉक्सवाला.

"नाही हो, बरोबर लिहिलंय त्यांनी," — मागची एक बाई.

तीस वर्षं लघुलेखिका होते. साहेबांच्या पोटातल्या गोष्टी टाइप केल्या, एक अक्षर बाहेर गेलं नाही. आणि हा! न छापताच घरी आले.

५ जून

ताईचं दुखणं हेच तर आहे. माझं पत्र तिची सून दिवाणखान्यात मोठ्याने वाचून दाखवते, नको ते गाळते. फोनवर ताईला नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर — अख्खं घर कान देऊन! दोन वर्षं आम्ही सख्ख्या बहिणी हवापाण्याच्या गप्पा मारतोय. ती तिथे सुखात आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही.

घरात प्रिंटर हवा. बस्स.

८ जून

जावयांचा फोन. "आई, रंगीतच घ्या. फोटो, स्कॅन, सगळं एकात."

म्हटलं, "अहो, महिन्याला चार पानं छापायची आहेत, लग्नाचा अल्बम नाही." मागून लेक खुदकन हसली.

११ जून

दुकानातला विक्रेता शाईच्या प्रिंटरचे गोडवे गात होता. मी विचारलं, महिनाभर हात लावला नाही तर? तर म्हणतो, "दर आठवड्याला एक रंगीत पान काढत जा मॅडम, म्हणजे शाई वाळणार नाही." म्हणजे पत्र महिन्यातून एकदा आणि यंत्राचे लाड दर आठवड्याला!

कॉन्व्हेंटमध्ये सुट्टीनंतर आमची पेनं अशीच बंद पडायची, शाईचा निबातच दगड. सिस्टर म्हणायच्या, "आळशी मुलींची पेनं!" इतकी वर्षं झाली, शाईची खोड तीच.

शेवटी लेझर ठरवला. त्यात शाई नाही, कोरडी पूड. सहा महिने पडून राहिला तरी रुसत नाही.

"पण यात रंग येणार नाहीत, मॅडम."

"माझ्या बहिणीला रंग दिसतच नाहीत."

बिचारा ओशाळला. जरा जास्तच बोलले.

१४ जून

आला! शिवणयंत्राशेजारी बसवला. काळा, ठेंगणा, निमूट. पहिलं पान इस्त्रीच्या कपड्यासारखं गरम निघालं. किती बरं वाटलं!

चार पानं. दोन वर्षांचं सगळं लिहिलं. शेवटी — "तिथे बरी आहेस का? खरं सांग. आणि ताई, मोठ्याने वाचू नकोस!"

१५ जून

प्रिंटरवर जुनी उशीची खोळ घातली. येता-जाता उगाच बघते.

२७ जून

ताईचं उत्तर. जाड मार्करने, वाकडंतिकडं —

"चारही पानं मी स्वतः वाचली. संडासाला कडी लावून. मला तुझ्याकडे राहायला यायचंय. कायमचं. चालेल?"

चालेल म्हणे! वेडी कुठली. मधली खोली रिकामी करायला घेतली आहे.

म्हणजे आता प्रिंटरला महिन्याला चार पानांचंही काम नाही. पडून राहू दे. पूड वाळत नाही.

आज मात्र एक पान काढलं. हे रांगेतल्या पाचही जणांनी वाचलं असतं तरी चाललं असतं. पानभर एकच अक्षर —

ये.