फवारणीचं विमान

अमरावती,
१३ जुलै २०२५

ती. मामाजी,

समोर असते तर वाकून पाया पडले असते. आज कागदावरूनच पडते. आईंच्या गुडघ्याला नव्या तेलानं उतार पडला का? तिकडे पेरण्या आटोपल्या असतील. फोनवर तुम्हाला माझं बोलणं धड ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की आईंना वाटतं मी चिडलेय. म्हणून हे पत्र.

एक विचारायचं होतं. तुमच्या लहानपणी कपाशीवर फवारणी करायला जे विमान यायचं, त्याचा रंग कोणता होता?

हसू नका. तुम्ही पोरवयात काठीला पांढरं फडकं बांधून शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहायचात आणि विमानवाला त्या झेंडीवर नेम धरून खाली यायचा, ही गोष्ट स्वप्निलनं मला लग्नाआधीच सांगितली होती. तेच विमान त्याला संगणकात जसंच्या तसं उभं करायचं होतं. कुठून कुठून शोधून त्यानं त्याचे जुने आराखडे मिळवले होते. तो गेल्यावर मी ती फाइल उघडलीच नव्हती. या उन्हाळ्यात उघडली.

विमान अर्धवट होतं आणि वाकडं होतं. नाकाकडून छान, शेपटीकडे जाता जाता पिळलेलं, ओल्या कपड्यासारखं. आधी वाटलं, माझीच नजर. मग कळलं, खोट स्कॅनमध्ये आहे. मूळ कागद मोठा, घड्या पडलेला. कोणीतरी तो तुकड्यातुकड्यांनी स्कॅन केलेला. बाजूनं दिसणारं विमान जरा कललेलं, वरून दिसणारं जरा ताणलेलं. एकाच विमानाची दोन चित्रं, पण एकातलं चाक दुसऱ्यातल्या चाकाशी जुळेना. स्वप्निलला कुठला दम? तो तशाच चित्रांवर विमान बांधत गेला, आणि जुळलं नाही तिथं अंदाजानं ओढून घेतलं.

हे काम मला येतं. नांदगाव पेठच्या कारखान्यात मी दिवसभर तेच करते. कापडावर छापायच्या जुन्या नक्ष्या स्कॅन करायच्या आणि फुलाला फूल असं जुळवायचं, की जोड दिसू नये. तसंच इथं केलं. प्रत्येक चित्रात नाकापासून शेपटीपर्यंत एक मधली रेषा असते. ती सपाट होईपर्यंत चित्र फिरवायचं. मग कागदावर छापलेली मोजपट्टी शोधायची आणि लांबी वेगळी, उंची वेगळी, दोन्ही तिच्याशी ताडून पाहायच्या. स्कॅनरमधून सरकताना चित्र एकाच दिशेनं ताणलं जातं. ही ताणाची गोष्ट मला सुचली नव्हती. ती स्वानंद यांनी सांगितली. ते आमच्याकडे छपाईच्या मशिनी बघतात.

चित्रं जुळली, आणि नेमकी तेव्हाच अडचण आली. स्वप्निलनं बांधलेलं विमान आता त्या चित्रांवर बसेना. ते काढून सगळं नव्यानं बांधावं लागणार होतं. मी बरेच रविवार नुसती बघत बसले. एकदा स्वानंद शेजारी होते. म्हणाले, "त्यांचं आहे तसं वेगळं ठेवा. हे तुम्ही तुमचं बांधा." पुसून टाका म्हणाले नाहीत. मला रडू आलं. ते उठून चहा आणायला गेले.

आता विमान सरळ उभं आहे. रविवारी सकाळी खिडकीचे पडदे ओढून मी ते फिरवत बसते. तिथं ना आभाळ असतं ना जमीन, सगळीकडे धुक्यासारखा राखाडी रंग, आणि त्यात ते सावकाश वळतं, वरच्या पंखाची सावली खालच्या पंखावर घेऊन. मग मी खाली काळी माती पसरली. कपाशी लावली. धुऱ्यावर एक पांढरा ठिपका ठेवला. विमान त्या ठिपक्याकडे येतं तेव्हा आवाज नसतो, तरी मला खिडकीची काच थरथरल्यासारखी वाटते. वाटतं, आत स्वप्निल बसलाय आणि खाली तुम्ही आहात, त्याच्याहून खूप लहान. कोण कोणाचा बाप, तेच कळेनासं होतं. तो खाली बघून हात हलवतो. कधी कधी मी चहा घ्यायलाही उठत नाही.

रंग मात्र मला ठरवता येईना. स्वानंद म्हणाले, मामाजींनाच विचारा.

बघा, त्यांचं नाव किती वेळा आलं. लपवायचं नव्हतं, कसं सांगावं ते कळत नव्हतं. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. त्यांचे वडील परतवाड्याला पुरोहित आहेत. त्यांनी होकार दिला, पण सहजासहजी नाही. माझ्या आईबाबांना आनंद आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मनात हो आहे. पण तुम्हाला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळावं, आणि मग तेल्हाऱ्याच्या घराचं दार मला बंद व्हावं, याची फार भीती वाटते. येत्या पोळ्याला स्वप्निलला जाऊन तीन वर्षं होतील. मी त्याला विसरलेले नाही.

रंग कळवा. बाकीचं कळवावंसं वाटलं तर.

अजून तुमची सून,
अपेक्षा

----

तेल्हारा,
२७ जुलै

अपेक्षा,

आशीर्वाद हायेच, थो काही दर वक्ती लिवा लागत नाही. मी बोलतो तसाच लिवून राहिलो, समजून घेजो.

तुह्यं पत्र मी ओसरीत वाचलं, मंग सुभद्राले वाचून दाखवलं. थे उठून आत गेली. बऱ्याच वेळानं येऊन म्हने, "तिले काय लिवता?" मी म्हनलं, "विमानाचा रंग." थे म्हने, "रंगाचं नाही पुसत मी." म्हून उशीर झाला.

रंग पिवळा होता. पोटाखाली तेलानं काळा झालेला. पन एक गोष्ट स्वप्निलले कधी सांगितली नाही. विमान आलं की मी डोळे गच्च मिटून घेत होतो. झेंडी हातात, आन डोळे बंद. दवाई अंगावर पडे, आवाज डोक्यावरून निघून जाये, तव्हा डोळे उघडत होतो. पाह्यलं थे एकदाच, शेवटच्या सालात. विमानवाल्यानं हात हलवला का नाही, मले मालूम नाही. पन पोरगा एवढा खुशीनं आयकत होता, की मी हलवला म्हनून सांगत गेलो. आता तू त्याले आत बसवलं त हात हलवू दे.

दुसरं असं, की तू हो म्हन. सुभद्राचंही थेच म्हननं हाये. तिनं आधी रडून घेतलं, मंग सांगितलं. लग्नाले थे येईन. मी येनार नाही. राग नाही माह्या मनात, पन मांडवात उभं राहून काय करू, थे मलेच समजून नाही राहिलं. गावातले लोक बोलतीन, त्याईचं मी पाहून घेतो.

थंडीत तुरीच्या शेंगा भरल्या की तुमी दोघंही या. सुभद्रा हिरव्या दान्याईची, सोल्याची भाजी करन. एक दिवस रहा. त्या मानसाले सांगजो, माह्यासंगं बोलाचं असन त मोठ्यानं बोलजा, मले कमी आयकू येते. आन मामाजी म्हनायचं का दुसरं काही, थे तू ठरव. मले चालते.

तुह्या तेल्हाऱ्याच्या माहेरचा,
डोमाजी