हळदीच्या लेपाखाली

प्रिय जाऊबाई,

तुमच्या लेकीला, सुमनला, आत नेलंय. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मी बसून आहे. उठवत नाही, बसवत नाही. तिच्या सासरचे माझ्यावर रागावलेत, मग बोलू कुणाशी?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी पेणच्या खाडीकाठी नांदायला आले, तेव्हा तुमच्या टाचांच्या चिरा पाहून डोळे मिटून घ्यायचे. तुम्ही हसायचात. "मिठाच्या पान्यात जखम सडत नाय गो."

मिठागरात पायाला शिंप लागली तेव्हाही हेच म्हणालात. जखम तांदळाएवढी, आणि बाळंतपणात हूं न करणाऱ्या तुम्ही दातांत पदर धरून तळमळत होतात. सासूबाईंनी गुडघ्यापर्यंत हळद-चुन्याचा गरम लेप थापला. त्याखाली कातडी जांभळी पडतेय, हे कुणाला दिसणार?

सकाळी म्हणालात, "आता कायच दुखत नाय." आम्ही देवापुढे साखर ठेवली. पाय बरा झाला नव्हता, जाऊबाई, आतून मेला होता. हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही आम्हाला ओळखतही नव्हतात. त्याच रात्री गेलात. इतकं का सोसलंत?

आज सकाळी रोह्याला सुमनकडे आले. पायाला विळ्याचा ओरखडा, वर तसाच लेप. ओल्या फडक्याने मी तो पुसला. लाली तळहाताएवढीच, पण मांडीला हात लावला तरी ती कळवळत होती. अंगात ताप, बोलणं भरकटलेलं. लालीच्या कडेने मी पेनाने रेघ ओढली. चहा होईपर्यंत लाली रेघेपलीकडे गेली.

"एवढ्याशा ओरखड्याला हॉस्पिटल? काकी, डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट बुडंल माजी," जावई म्हणाले.

"बुडू दे."

"शिकलेल्या बायांना भारी घाई," तिची सासू पुटपुटली.

इथे डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला. कातडीखाली काहीतरी कुरकुरलं. "रिपोर्टची वाट बघत नाही, लगेच उघडते," म्हणाल्या. जावयांनी माझ्याकडे बघत सही केली. ती नजर अजून अंगावर आहे. पाय गेला तर मी नेला, असंच म्हणतील ना? आणि गप्प राहिले असते तर?

आत्ताच बाई बाहेर येऊन गेल्या. "जीव वाचेल असं वाटतंय. पायाचं आज सांगता येणार नाही. उद्या पुन्हा उघडून बघावं लागेल."

जाऊबाई, एवढा शब्द देते. सुमन शुद्धीवर येईल तेव्हा समोर मी असेन. पाय राहिला की गेला, ते तिला मीच सांगीन. रागवायचं तर माझ्यावर रागवू दे.

तुमची धाकटी जाऊ,
शालिनी