रहाटणीच्या घराची बोली

मोशी, मंगळवार

प्रिय केसर,

सप्रेम जयभीम. सात वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट तसंच परत पाठवू नकोस. निदान लिलावाची हकिकत संपेपर्यंत वाच. मी लिलावात घर घेतलं. हो, मीच. दापोडीच्या मंडईत जिला कोथिंबिरीची जुडी घासाघीस न करता घेताना बघून तू मागून चिमटा काढायचीस, तिनेच.

संघर्षचे पप्पा गेल्यावर दापोडीच्या खोल्या विकल्या आणि मी लेकाकडे राहायला आले. सून मोनिका गुणाची आहे. पण माझं अंथरूण हॉलमध्ये. पाहुणे बसले की मला झोप येते, आणि मला झोप आली की पाहुणे उठत नाहीत. संघर्ष पहाटे चाकणच्या फर्स्ट शिफ्टला निघतो, तो अंधारात माझ्या पायाला अडखळून. रोज "सॉरी आई" म्हणतो, आणि मीही रोज त्याला "सॉरी" म्हणते. शेवटी ठरवलं, आता आपलं घर घ्यायचं.

पेपरात एका बँकेची जाहिरात आली होती. कर्ज थकलेलं रहाटणीचं घर, एक बेडरूम, 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे'. बघायला गेले तर जुन्या मालकाने जाताना पंखे, नळ, बेसिन, इतकंच काय, दाराची कडीसुद्धा काढून नेलेली. ओट्यावर कबुतरांचा संसार. बँकेचे साहेब गंभीरपणे म्हणाले, "बाई, कबुतरं जाहिरातीत धरलेली नाहीत." पण स्वयंपाकघरात ऊन असं लख्ख येत होतं की मी तिथेच मनात डबे लावून टाकले.

लिलाव म्हणजे कोणीतरी हातोडा आपटणार, म्हणून त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून बसले. मोनिका म्हणाली, "आई, तो लॅपटॉपवर असतो." तरी साडी मी बदलली नाही. बोली बावीस लाखांपासून. माझ्याकडे पप्पांचा फंड, खोल्यांचे पैसे, सगळं मिळून चोवीस लाख. मोनिका घरूनच काम करते. एका लॅपटॉपवर तिची कंपनीची मीटिंग, दुसऱ्यावर माझा लिलाव. दोघं-तिघं सव्वाबावीसलाच गळाले. एक कोणीतरी मात्र चिवट निघालं. मी वाढवलं की वेळ संपता संपता त्याचे पंचवीस हजार वर, आणि घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर. समोरच्याचं नाव दिसत नाही. मी मनाशी धरलं की हा गळ्यात जाड साखळी घातलेला कोणी प्लॉटवाला असणार, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. चोवीस लाख कधी ओलांडले, कळलंच नाही. मोनिका ओरडली, "आई, सोडू नका, वाढवा!" तिचा माइक चालू राहिला होता. तिकडच्या साहेबांना वाटलं, ही टार्गेट वाढवायला सांगते आहे. त्यांनी ते वाढवलं. पावणेसव्वीसला माझा प्लॉटवाला गप्प झाला आणि घर मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी नियमाप्रमाणे पाव रक्कम भरून आले. तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन. "के. ओव्हाळ ना? लिलाव तुम्हाला लागला नाही, तुमची अनामत परत केली आहे." मी तशीच रिक्षा करून बँकेत पोहोचले. साहेबांनी दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले. एक कस्तुरा ओव्हाळ, मोशी. दुसरी केसर ओव्हाळ, राजगुरुनगर. फोटोत तू, नाकात तीच मोरणी, आणि हप्ता न भरणाऱ्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघतेयस.

साहेबांनी विचारलं, "नात्यातल्या का?" म्हटलं, "जावा-जावा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मग आपसात बोलायचं ना बाई, साडेतीन लाख वाचले असते."

त्या प्लॉटवाल्याला दिलेल्या शिव्या मी परत घेते. तूही मला दिल्या असशील, त्या राहू देत.

केसर, भाऊजी जाऊन महिना झाला होता, तेव्हा मी तुला म्हणाले, "आता साक्षीकडे राहा, इथे किती जण मावणार?" दोन खोल्यांत तेव्हा आपण तिघंच होतो. तू पिशवी भरलीस आणि निघण्याआधी रोजच्यासारखं माझंही पाणी भरून ठेवलंस. तू लेकीकडे राहिली नाहीस, चाकणच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून भाड्याची खोली घेतलीस, हे मला साक्षीकडून कळत होतं. तरी मी फोन केला नाही. ते बोलणं किती लागतं, हे मला कोणी न बोलताच मोशीत समजलं.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. शुक्रवारी उरलेले सगळे पैसे भरायचे आहेत आणि मला पावणेदोन लाख कमी पडतात. ते तूच वाढवलेस, तेव्हा ते तूच आण. तुझी अनामत परत आली आहे, हे मला माहीत आहे. उसने मागत नाही. दापोडीच्या खोल्या दोघा भावांनी मिळून बांधल्या होत्या आणि विकताना तुला कोणी विचारलं नाही, मीही नाही. कागद माझ्या नावाचा आला की वकिलाकडे जाऊन अर्धं घर तुझ्या नावावर करते. अकरा वाजता बँकेच्या दारात उभी राहीन. पैसे द्यावेसे वाटले नाहीत तर देऊ नकोस, भरलेले बुडतील, बुडू देत. पण तू ये.

तुझीच,
कस्तुराआक्का